एकूण गुण की दर ६० मिनिटांमागे गुण?

टोरांटोतल्या भाच्याचा फोन आला की विषय एकच, एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. या वेळचा त्याचा पेच: फॉरवर्ड्सना, म्हणजे आघाडीच्या खेळाडूंना, पहिल्या ते चौथ्या फळीत (आळीपाळीने बर्फावर उतरणारे तिघांचे गट, पहिला सर्वांत तगडा) बसवायचं, तर पाच-विरुद्ध-पाच खेळातले एकूण गुण बघायचे की दर ६० मिनिटांमागचे? (गुण म्हणजे स्वतःचा गोल किंवा गोलसाठी दिलेला पास. पॉवर प्लेचे गुण दोन्हीकडे वगळलेले. समोरचा गडी शिक्षेच्या बाकावर असतानाची कमाई इथे कशाला धरायची?)

चाळणी एकच. ३२ संघ, पहिल्या फळीत ३ फॉरवर्ड, म्हणजे यादीतले वरचे ९६ पहिल्या फळीचे, पुढचे ९६ दुसऱ्या, आणि तसंच खाली.

मेहनतीत एकूण गुण सोपे. आकडे उतरवले की झालं. दराला बर्फावरची मिनिटंही लागतात.

खरी गंमत न्यायाची. समजा, एकाने १,२०० मिनिटांत ३८ गुण घेतले, दुसऱ्याने ७०० मिनिटांत २५. एकूणात पहिला बराच पुढे. दर काढा: पहिल्याचा १.९, दुसऱ्याचा २.१४! पण थांबा, त्या ७०० मिनिटांत समोर बहुधा दुबळ्या फळ्या होत्या. आणि अख्ख्या मोसमात जेमतेम ६० मिनिटं खेळून ३ गुण मिळवणारा नवखा तर थेट शिखरावर बसतो. म्हणून दर वापरताना किमान ४०० मिनिटांची अट मी घालतोच.

टिकाऊपणाला एकूण गुणच दाद देतात. दुखापतीने अर्धा मोसम बाहेर बसलेला तिथे आपोआप घसरतो.

सरलेल्या मोसमाचा हिशोब मांडायचा असेल तर एकूण गुण घे. चौथ्या फळीत कुजत पडलेला, बढतीच्या लायकीचा गडी शोधायचा असेल तर दर. भाच्याला यातलं दुसरं काम करायचं होतं, म्हणजे दर.