साम्रदचा घरगुती कॅम्प: रात्री दहानंतर काय होतं, ते आधी विचारा

राहणार ठाण्यातला नौपाडा, नोकरी वागळे इस्टेटमध्ये, सुट्टी फक्त रविवारची. त्यामुळे वर्षातून एकदाच तंबूत राहायला जायचं म्हटलं की जागा निवडताना माझा जीव टांगणीला लागतो. सोबत नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे बाबा. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, एमएसईबीतून निवृत्त झालेत. गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा उठावं लागतं. तरी त्यांना यायचंच असतं आणि मलाही ते हवेच असतात.

मागच्या वर्षी पवना धरणाच्या काठावरच्या एका कॅम्पवर गेलो होतो. नाव लिहीत नाही. फोटो सुंदर होते, समोर पाणी, मागे तुंग-तिकोना. जेवणही वाईट नव्हतं. पण तंबू एकमेकांना इतके खेटून की शेजारच्यांच्या दोऱ्यांत पाय अडकायचा. चाळीसेक तंबूंना शौचालयं चार. आणि स्पीकर रात्री दीडपर्यंत. मी दोनदा जाऊन सांगितलं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे एंजॉय करायलाच येतात." शेवटी बाबा गाडीत जाऊन बसले आणि रात्रभर तिथेच बसून राहिले. सकाळी त्यांच्या पायांना सूज होती. माणशी पंधराशे रुपये देऊन आपण आपल्या वडिलांना गाडीत बसवून ठेवलं, हे मला आजही सहन होत नाही. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तिथे रात्री कोणाला सांगणार?

म्हणून या वेळी फोन करताना दर सगळ्यात शेवटी विचारला. एकूण सात ठिकाणी फोन केले. प्रश्न तेच: तंबू किती लावता? स्पीकर असतो का, कितीपर्यंत? तंबूपासून संडास किती पावलांवर, कमोड आहे का? गाडी कुठपर्यंत येते? आणि रात्री तुमच्यापैकी कॅम्पवर कोण झोपतं? पाच जणांनी दुसऱ्याच प्रश्नाला "म्युझिक तर असतंच, ताई" म्हणून सांगितलं. एकाने माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत दर सांगितला. सातवा फोन भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावात लागला. तिथले कॅम्पवाले दादा म्हणाले, "स्पीकर नाही आपल्याकडं. कुत्री भुंकत्यात रातची, तेवढंच. मी अन् माझा भाऊ वट्यावरच निजतो." तिथेच ठरवून टाकलं.

मुलीला कोलाडचं राफ्टिंग हवं होतं. पण तिथलं कुंडलिका नदीतलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतं आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक जण घेत नाहीत. ते तीन वर्षांनी. येऊर आमच्या दारातलं, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तंबू ठोकायची जागा नाही. तिथल्या बंगल्यांतल्या रात्रीच्या आवाजावर ठाणेकर किती वर्षं तक्रारी करताहेत, ते वेगळंच.

साम्रद हे अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याच्या पाठीमागचं गाव. नाशिक महामार्गावर माजिवडा ते वडपे पट्ट्यातल्या कोंडीत अडकायचं नसेल तर पहाटे पाचला निघा. आम्ही साडेपाचला निघालो आणि तेवढ्यानेही पाऊण तास गेला. पुढे कसारा घाट, घोटीला उजवीकडे, शेंडीवरून धरणाला वळसा घालत साम्रद. शेवटच्या टप्प्यात रस्ता खडबडीत आहे, गाडी खाली लागते. मध्ये चहा-नाश्ता धरून साडेचार तास लागले. गाडी नसेल तर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन मी तसं जाणार नाही.

कॅम्प म्हणजे दादांच्या घराशेजारचं भात कापून झालेलं खाचर. सहा तंबू, मध्ये चांगलं अंतर. संडास घराच्या मागे, मोजून चाळीस पावलं. कमोड नाही. पण फोनवर मी सांगितलेलं दादांच्या लक्षात होतं, त्यांनी मधोमध भोक पाडलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. वाटेवर दोन सोलर दिवे. बाबा रात्री दोनदा उठले आणि दोन्ही वेळा एकटे जाऊन आले.

दुपारी सांदण दरी. पावसाळ्यात तिकडे जायचं नाही, पाणी कधी भरेल सांगता येत नाही. जानेवारीत चालतं. दरी म्हणजे जमिनीला पडलेली चीरच, काही ठिकाणी दोनशे फुटांहून खोल, आणि आत शिरलं की दोन्ही हात पसरून दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. खालपर्यंत उतरायचं तर दोर लागतात आणि बाहेर पडतो आपण थेट आपल्या शहापूर तालुक्यातल्या डेहण्याच्या बाजूला. आमचा तो बेत नव्हता. गावातला वाटाड्या घेतला, पहिला पाण्याचा टप्पा ओलांडला आणि मोठ्या दगडांपाशी थांबून परतलो. पाणी लेकीच्या गुडघ्याच्या वर होतं आणि बर्फासारखं गार. तिने बूट हातात घेतले, तर वाटाड्याने लगेच परत घालायला लावले, कारण तळाचे दगड बुळबुळीत असतात. तेव्हा जुने बूट न्या, ते भिजणारच आहेत. कळसूबाई मी मुद्दाम वगळलं. १६४६ मीटर, रविवारची गर्दी आणि शिड्यांपाशी रांग. ते एखाद्या मधल्या वारी रजा टाकून करायचं.

संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर गेलो, कारण तिथे गाडी बऱ्यापैकी जवळ जाते आणि बाबांनाही काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. मला वाटलं होतं ते सूर्यास्त बघतील. ते बघत बसले घाटघरचा वीजप्रकल्प. वर एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. क्षमता २५० मेगावॉट. नातीला त्यांनी हे हातवारे करून अर्धा तास समजावलं. निवृत्तीनंतर त्यांना इतकं खुलून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

रात्रीचं जेवण चुलीवरचं. नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, ठेचा, भात. शेंगोळीला लसूण भरपूर आणि रस दाट. मुलीने तिखट लागतं म्हणून ताकातून खाल्ली, पण दोनदा घेतली. शेकोटी जमिनीवर नाही, जुन्या लोखंडी घमेल्यात. आजूबाजूला वाळलेलं गवत आणि पलीकडे अभयारण्याचं रान, म्हणून दादा जमिनीवर जाळ करूच देत नाहीत. झोपायच्या आधी त्यांनी स्वतः पाणी ओतून विझवली.

आणि मग दहा वाजले. घरातला दिवा बंद झाला. आम्ही अमावास्येजवळचा शनिवार निवडला होता. डोक्यावर मृग इतका स्पष्ट होता की बाबांनी मधल्या तीन ताऱ्यांचा बाण दाखवला आणि "आता हा ज्याने मारला तो शोध" म्हणाले, तर लेकीने खाली चमचमणारा व्याध स्वतः शोधून काढला. ठाण्यात आमच्या गच्चीवरून व्याध दिसतो, पण बाण आणि व्याध असे एका रेषेत तिने कधी पाहिले नव्हते. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. बाकी काही नाही. बाबा साडेदहाला झोपले आणि घोरायला लागले. मी जागीच होते, ते घोरणं ऐकत.

उणिवाही सांगते. पांघरुणं पातळ आहेत आणि त्यांना धुराचा वास येतो. पहाटे बाबांच्या छोट्या तापमापकावर ९ अंश होते आणि आम्ही घरून नेलेल्या दोन रजया नसत्या तर कठीण होतं. दोन माणसांचा म्हणून दिलेल्या तंबूत दोन मोठी माणसं जेमतेम मावतात, बॅगा गाडीत ठेवाव्या लागतात. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाणी जमून उशा ओल्या झाल्या. वरची चेन चार बोटं उघडी ठेवली असती तर झालं नसतं, आणि हे दादांनी आधी सांगायला हवं होतं. गरम पाणी माणशी एक बादली. पोहे आठला म्हणाले, नऊला आले. मोबाइलला रेंज घराच्या एका कोपऱ्यातच.

दर माणशी नऊशे, दोन्ही वेळचं खाणं धरून. वाटाड्याचे पैसे आणि वनखात्याचं प्रवेशशुल्क वेगळं.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठीही लोक इथे येतात. त्याबद्दल विचारलं तर दादाच म्हणाले, "शनवार-रविवार नका येऊ ताई, गाड्यांच्या लायटीत काजवा दिसत नाही." मंगळवार-बुधवारची रजा मी ऑफिसात आत्ताच टाकून ठेवली आहे. बाबांनी त्या खुर्चीबद्दल दादांना पुन्हा आठवण करायला सांगितलंय.