मोटरवाले बूट की ई-स्कूटर, रोज फिरायला काय बरं?

शिफ्ट रोबोटिक्स कंपनीचे मूनवॉकर्स हे मोटरवाले बूट २०२२ मध्ये आले तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. आपल्याच बुटावर पट्ट्यांनी बांधायचे, खाली छोटी चाकं आणि मोटर, आणि स्केटिंगसारखं काही शिकायचं नाही, नेहमीसारखं चालायचं, पाय किती जोरात टाकताय ते बघून स्पीड आपोआप कमी-जास्त होतो. टॉप स्पीड साधारण ताशी ११ किमी, म्हणजे चालण्याच्या दुपटीहून जास्त. जिना आला की चाकं लॉक करता येतात, हे मला खरंच आवडलं, कारण उभं राहून चालवायची ई-स्कूटर तिथेच अडते, उचलायची म्हटलं तर शाओमीची एम३६५ सुद्धा साडेबारा किलोची आहे.

पण वजनाचं गणित बुटांमध्ये उलटं फिरतं. एकेक बूट जवळपास दोन किलोचा, आणि हे वजन हातात नाही तर पायाच्या टोकाला, प्रत्येक पावलाला उचलायचं, त्यामुळे मांड्या आणि पोटऱ्या दुखणारच. बॅटरी संपली की काढून पिशवीत टाका, नाहीतर तसेच ओढत चला. शिवाय चाकं इतकी लहान की खडी, खड्डा, ओली फरशी सगळंच धोक्याचं. स्कूटरचं साडेआठ इंची हवेचं चाक यातलं बरंच पचवतं, ब्रेकही हाताशी असतो, २५ चा स्पीड मिळतो.

रेंज तर विचारूच नका, बूट १० किमीच्या आसपास, एम३६५ कागदावर ३०.

मोठ्या गोदामात किंवा एअरपोर्टसारख्या गुळगुळीत फरशीवर दिवसभर चालणाऱ्यांना बूट नक्की द्यावेत, रस्त्यावर मात्र मी स्कूटरच घेईन.