पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोस्कोप: ग्रेटिंग उत्तम, फट मात्र बदलून घ्या

स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन. हा घड्या घालून जोडायचा पुठ्ठ्याचा डबा आहे: पुढे बारीक फट, मागे डोळ्याच्या भोकावर ग्रेटिंगची, म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेघा असलेली, पारदर्शक फिल्म आणि पुढच्याच भिंतीवर, फटीच्या बाजूला छापलेली तरंगलांबीची पट्टी. इथे तपासलेल्या संचात फट ते फिल्म हे अंतर १५ सेंटीमीटर असून फिल्मवर मिलिमीटरला १००० रेघा आहेत.

फिल्मबद्दल तक्रार नाही. दोन रेघांमधलं अंतर १००० नॅनोमीटर असल्याने सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सुमारे ३६ अंशांनी वळतो. ५०० रेघांच्या फिल्ममध्ये तो १७ अंशांवरच राहतो आणि ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा वर्णपट, म्हणजे रंगांचा पट्टा, जेमतेम ९ अंशांत दाटतो. इथे तो जवळजवळ २१ अंश पसरतो. फरक पहिल्या नजरेत कळतो.

खरी उणीव फटीत आहे. पुठ्ठ्यात कापलेली ही फट अर्धा मिलिमीटर रुंद आहे आणि तिच्या कडांना तंतू सुटलेले आहेत. एकाच तरंगलांबीचा प्रकाश वर्णपटात फटीच्या आकाराची रेषा म्हणून दिसतो. एवढ्या रुंदीमुळे अशी प्रत्येक रेषा ३.३ नॅनोमीटर जाड दिसते, म्हणून पाऱ्याच्या ५७७ आणि ५७९ या शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. फट ०.२ मिलिमीटरवर आणली की जाडी १.३ वर येते आणि त्या दोन वेगळ्या दिसतात. सोडियमची ५८९.० आणि ५८९.६ ही जोडी मात्र तेव्हाही सुटत नाही. तशी अपेक्षाच ठेवू नये.

उपाय सोपा आहे. दुधारी दाढीच्या ब्लेडचे कागदी वेष्टनातच पक्कडने दोन तुकडे करा. पुठ्ठ्यातली फट थोडी मोठी कापून त्यावर तुकडे धारेला धार समोर येईल असे ठेवा. मध्ये छपाईच्या साध्या कागदाची दुहेरी घडी उभी धरा, तुकडे चिकटपट्टीने पक्के करा आणि कागद काढून घ्या. धारा समांतर नसतील तर फट एका टोकाला रुंद होते आणि रेषा पाचरीसारख्या दिसतात. फिल्मवरच्या रेघाही फटीला समांतरच हव्यात. फिल्म ९० अंशांनी फिरली असेल तर वर्णपट पट्टीवर न पडता वर-खाली दिसतो. थोडीच तिरकी असेल तर तो पट्टीवरून चढत जातो. फिल्म कडेनेच धरा. बोटाचा तेलकट ठसा पुसायला गेलं की रेघाच खराब होतात.

छापलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. तिचे भाग समान अंतराचे आहेत, पण सपाट भिंतीवर तरंगलांबी तशी पसरत नाही. पाऱ्याची ४३५.८ ची निळी रेषा फटीपासून ७.२६ सेंटीमीटरवर पडते, ५४६.१ ची हिरवी ९.७८ वर आणि सीएफएलमधल्या (पाऱ्याची वाफ असलेल्या, ट्यूबलाइटसारख्या छोट्या दिव्यातल्या) युरोपियम या मूलद्रव्याची ६११ ची तांबडी ११.५८ वर. निळी-हिरवी जुळवून तेच माप पुढे नेलं तर तांबडी रेषा ६२५ च्या आसपास वाचली जाते. म्हणून सीएफएल दिव्यासमोर या तीन खुणा पेन्सिलीने करून पट्टी नव्याने आखावी.

एवढं केल्यावर हा डबा फार सुंदर काम करतो. पांढऱ्या एलईडीत ४५० जवळचा निळा उंचवटा, ४८० च्या आसपासची खाच आणि मग फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या लेपाचा) रुंद पिवळा पट्टा स्पष्ट दिसतो. तंतूच्या बल्बमध्ये अशी खाच कुठेच नसते. उजळ ढगाकडे रोखल्यावर जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात नोंदलेल्या काळ्या रेषांपैकी ४८६, ५१७ आणि ५८९ जवळच्या सापडतात. सूर्याकडे किंवा लेझरकडे थेट रोखायचा नाही. ग्रेटिंगमुळे डोळ्याचं रक्षण होत नाही.

मोबाइलने फोटो घेताना एक्सपोजर कमी करा, नाहीतर ठळक रेषा पांढऱ्या पडतात.

वेष्टनावरचं ‘विद्युतचुंबकीय वर्णपट पाहा’ हे वाक्य मात्र खटकतं. ४०० ते ७०० म्हणजे दुप्पटसुद्धा नाही, संगीताच्या भाषेत पुरतं एक सप्तकही नाही. रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतची बाकीची सप्तकं या डब्याबाहेरच राहतात आणि हे वेष्टनावर छापायला हवं होतं.