हरमल की पाळोळे? पोरांसोबतची एक रात्र झोपडीत

आमची धाकटी चार वर्षांची, थोरला सात. समुद्राकाठाने चालत जाऊन रात्री झोपडीत मुक्काम करायचा, तर गोव्यात आमच्यापुढे दोनच वाटा उरल्या.

पहिली पेडण्यातली, केरी ते हरमल. सुरूच्या बनातून निघून डोंगराच्या कडेने जायचं. पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. पण खरं आमिष हरमलजवळचं गोड्या पाण्याचं तळं! पोरं तिथून हलायलाच तयार नसतात. अडचण एकच: मधले खडक. ते निसरडे, सावली तुटपुंजी, आणि धाकटीला शेवटी खांद्यावर घ्यावंच लागतं. पाठीवर सामान असताना तेही सोपं नाही. भरतीची वेळ पाहूनच निघा. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

दुसरी काणकोणातली. पाळोळेहून कोळंबमार्गे पाटणे. हिला पदभ्रमण म्हणणं जरा धाडसाचंच, इतकी छोटी. पण दमलेलं मूल कुठेही थांबवता येतं, खायला मिळतं, आणि पाळोळ्याचा किनारा उथळ. ओहोटीला उत्तर टोकाच्या बेटापर्यंत पाण्यातून चालत जाता येतं, मोठ्याला तेवढंच साहस पुरतं. लाकडी झोपड्या मात्र पावसाळ्याआधी काढून ठेवतात, तेव्हा नोव्हेंबर ते मार्चच बघा.

सहाखालचं मूल असेल तर मी पाळोळेच म्हणेन. हरमल दोन वर्षांनी.