फिजिओ व्हायचं की फिजिओचा असिस्टंट? बारावीनंतर ठरवताय तर वाचा

निकाल लागला की आमच्या खेड-चिपळूण पट्ट्यातली दोन-तीन पोरं तरी विचारायला येतात, दादा बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) करू का असिस्टंटचा डिप्लोमा. मी सात वर्षं असिस्टंट म्हणून काम करतोय, जे बघितलं ते लिहितो.

पेशंटला तपासायचं, स्नायूत ताकद किती, सांधा किती वळतो, कुठला व्यायाम द्यायचा, हे सगळं फिजिओ ठरवतात. पुढचा अर्धा-पाऊण तास आपला. शेक द्यायचा, आयएफटीचे (दुखण्यावर सौम्य करंट देणाऱ्या मशीनचे) पॅड लावायचे, लकवा झालेल्याला खाटेवरून खुर्चीत बसवायचं, चालवायचं. आणि पेशंट मनातलं बोलतो तेही बहुतेक आपल्याशीच. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांकडे घरी जायचो, मुलगा मुंबईला, घराला चिऱ्याच्या चार पायऱ्या, त्यावर शेवाळ. क्लिनिकच्या फरशीवर वॉकर घेऊन नीट चालणारा माणूस त्या पायऱ्यांपुढे थिजून जायचा. मी आमच्या फिजिओ मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी येऊन बघितलं आणि पायरीचा सराव घातला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. गणपतीत आजोबा स्वतः अंगणात उतरले, मला रडूच आलं.

पण व्यायाम मॅडमनी बदलला, मी नाही. दोन्हीतला खरा फरक हा आहे आणि तो योग्यच आहे. ऑपरेशननंतर पोटरी सुजून गरम लागत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, तिथे कोणी चोळत बसला तर जिवावर बेतेल. असं काही दिसलं की हात काढायचा आणि लगेच कळवायचं, एवढं असिस्टंटला यायलाच हवं.

शिक्षणाचं म्हणाल तर बीपीटीएचला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, आपल्याकडे नीट परीक्षेच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं. खाजगी कॉलेज म्हणजे फी आणि वर हॉस्टेल, आंब्याच्या एका सीझनवर निघणारा खर्च नाही तो. असिस्टंटचा कोर्स छोटा, पण तिथेच पोरं फसतात. 2021 च्या केंद्राच्या कायद्यात टेक्निशियन-असोसिएट (म्हणजे असिस्टंटसारख्या) पातळीच्या शिक्षणाला कमीत कमी 2000 तास आणि दोन वर्षं सांगितलीत, हेल्थकेअर प्रोफेशनलच्या (म्हणजे फिजिओसारख्या) डिग्रीला 3600 तास. मग सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला काय अर्थ? माझी पहिली फी अशाच एका क्लासमध्ये गेली, आईने बांगडी मोडली होती त्यासाठी.

अमेरिकेतल्या पीटीएचे (तिथल्या फिजिओ असिस्टंटचे) व्हिडिओ बघून ठरवू नका. तिथे दोन वर्षांची डिग्री, वेगळी परीक्षा आणि लायसन्स असतं, इथला डिप्लोमा घेऊन तिथे उभं राहता येत नाही.

पैसा? फिजिओला पुढे स्वतःचं क्लिनिक टाकता येतं, असिस्टंट पगारावरच, आणि तो वाढतो हळूहळू. माणसं उचलून उचलून कंबर दोघांची जाते, आपली जरा जास्तच.

माझं मत विचाराल तर नीटचे मार्क असतील आणि घरच्यांना झेपत असेल तर बीपीटीएचच करा, एक वर्ष थांबावं लागलं तरी. घरी लवकर पगार हवा असेल तर असिस्टंट व्हा, पण कोर्सचे तास आणि मान्यता कागदावर बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणि त्याआधी आठवडाभर एखाद्या क्लिनिकमध्ये परवानगी काढून सकाळभर नुसते बसा, एका आजींना खुर्चीतून उठायला वीस मिनिटं लागतात ते बघताना तुम्हाला कंटाळा येतो का तेवढं बघा.