पॉवर अप : नऊ महिने ऐकल्यावर

गेल्या दिवाळीत एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या 'पॉवर अप'ची एलपी घेतली. आणली त्या रात्रीच दोन्ही बाजू वाजवल्या आणि मनात म्हटलं, फसलो. तीच जुनी गाणी, नावं तेवढी बदललेली. अल्बम २०२० चा, म्हणजे मी तसाही उशिराच पोचलो होतो. आज नऊ महिन्यांनी रविवारी सकाळी चहाबरोबर हीच तबकडी लागते आणि बायको 'हळू कर' म्हणायच्या आधी निदान एक गाणं पूर्ण होऊ देते.

मत बदललं ते एका बिघाडामुळे. फोनवरही हाच अल्बम होता आणि मार्चमध्ये माझ्या इअरफोनचा एक कान गेला. नवे घ्यायचा कंटाळा, म्हणून दीड महिना लोकलमध्ये एकाच कानाने ऐकलं. या बँडच्या दोन गिटारी दोन बाजूंना वाटलेल्या असतात. मुख्य गिटारवाला अँगस यंग, त्याची गिटार जिकडे ठळक, नेमका तोच कान बंद. उरली दुसरी, ठेका धरणारी, ऱ्हिदमवाली. बोरिवली येईपर्यंत कळून चुकलं की गाणं मुळात याच बाजूला आहे. आजवर मी भलत्याच कानाने ऐकत होतो.

ही दुसरी गिटार अँगसच्या थोरल्या भावाची, माल्कमची. १९७३ मध्ये सिडनीत बँड उभा राहिला तेव्हापासून सगळा डोलारा तिच्यावर. २०१४ मध्ये डिमेन्शियामुळे तो बाजूला झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला. 'पॉवर अप'चं रेकॉर्डिंग २०१८ मध्ये व्हँकुव्हरला झालं, म्हणजे यात त्याचा हात नाही. तरी बाराही गाण्यांवर दोघा भावांची नावं आहेत, कारण दोघांनी वर्षानुवर्षं जमवून ठेवलेल्या रिफांतूनच (रिफ म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) अँगसने ही गाणी काढली. वाजवतो पुतण्या स्टीव्ही. (पुतण्या म्हणायचं इतकंच, काका अँगस त्याच्यापेक्षा दोन वर्षांनीही मोठा नाही.) नुसता ठेका धरणारा तबलजी कसा काहीच करत नाहीसा वाटतो, आणि तो चुकला की सगळ्यांच्या माना वर होतात, तसं याचं काम. एक घाव, मग मोकळी जागा, मग पुन्हा घाव. ती मोकळी जागा दर वेळी तेवढीच. 'रिअलाइझ' आणि 'रिजेक्शन' या पहिल्या दोन गाण्यांत हे नीट ऐका.

बाकी मंडळींची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. ऐकू येणं कमी झालं म्हणून डॉक्टरांनी गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये दौरा सोडायला लावला, उरलेला दौरा 'गन्स एन' रोझेस'च्या अ‍ॅक्सल रोझने गायला. तो संपताच बासवाला क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. ड्रमर फिल रड त्याआधीच कोर्टकचेऱ्यांत अडकलेला. तिघंही परतले. सत्तरीतला जॉन्सन त्याच चढ्या पट्टीत ओरडतो. दम लागलेला जाणवतो, पण मागची कोरस मंडळी सांभाळून घेतात. 'डीमन फायर'च्या सुरुवातीला तो खालच्या आवाजात जवळजवळ बोलतो, ते मला जास्त आवडलं. सरलेल्या दिवसांकडे वळून पाहणारं 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' हे सगळ्यात हळवं गाणं. तेही पाय हलवायला लावतं, रडवत नाही.

तक्रारी आहेतच. दुसरी बाजू मधेच सैल पडते. 'नो मॅन्स लँड' आणि 'सिस्टिम्स डाउन' यांत माझा अजून गोंधळ होतो, नऊ महिन्यांनंतरही. 'मनी शॉट'चा अर्थ आईने विचारला तर सांगता येणार नाही. फोनवर सगळंच एका पातळीवर दणदणतं, एलपीवर ड्रमला जरा श्वास मिळतो. बटण दाबलं की खोकं उजळून 'शॉट इन द डार्क'ची सुरुवात वाजवतं अशीही एक डिलक्स आवृत्ती निघाली होती. घरात लहान मूल असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि हो, याच बँडची 'बॅक इन ब्लॅक' घरात नसेल तर आधी ती घ्या. १९८० मध्ये आधीचा गायक बॉन स्कॉट गेल्यावर ती काढली, तेव्हाही या लोकांनी रडगाणं केलं नव्हतं, ती सवय जुनीच. 'पॉवर अप' एक्केचाळीस मिनिटांत आटोपतं, हेही मला पटतं.

मे महिन्यात नवे इअरफोन घेतले. 'रिअलाइझ' सुरू झालं की अजूनही एक कान काढून ठेवतो.