विद्यार्थी संघटनांची माहिती: संघटनेनुसार लावायची की विद्यापीठानुसार?

संघटनेनुसार फोल्डर केले की सुरुवात एकदम सोपी, एआयएसएफ (भाकपची) १९३६, अभाविप (संघाची) १९४९, एसएफआय (माकपची) १९७०, एनएसयूआय (काँग्रेसची) १९७१, स्थापनेच्या वर्षांप्रमाणे ओळीत लावून मोकळं व्हायचं. पण कॉलेज-विद्यापीठातली विद्यार्थी परिषद, म्हणजे स्टुडंट कौन्सिल (अभाविप नव्हे), कुठे टाकणार? ती कुठल्याच पक्षाची नाही, ती कायद्याने बनते, राज्याच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात मार्कांवरून मुलं घ्यायचे आणि २०१६ च्या कायद्यात निवडणूक परत आली, निदान कागदावर तरी, हे सगळं संघटनांच्या फोल्डरमधे बसतच नाही.

विद्यापीठानुसार लावलं तर ते नीट बसतं. फक्त आपल्या नाशिकला वेगळीच गंमत, गंगापूर रोडवरचं केटीएचएम कॉलेज पुणे विद्यापीठात, मेडिकलवाले म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात, आणि मुक्त विद्यापीठ तिसरंच! त्यात २०१४ ला पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव लागलं, म्हणजे जुने कागद जुन्या नावाने शोधा.

मी तरी विद्यापीठच वर ठेवेन आणि संघटनेचं नाव फाईलच्या नावात टाकेन. गेटवर वाटलेल्या पत्रकांवर 'सोमवारी सकाळी ११ वाजता मोर्चा' एवढंच असतं, साल नसतंच, त्यामुळे हातात आलं की लगेच कोपऱ्यात पेन्सिलने साल लिहायचं, स्कॅन नंतर करा.